जबर बसते

मामाच्या क्लासमधल्या टेबलावर अकरा पुस्तकं होती. अकराही तर्कबुद्धीची, म्हणजे नोकरीच्या लेखी परीक्षेत जो पेपर भल्याभल्यांना पाणी पाजतो त्या पेपरची. अकरापैकी नऊ पुस्तकांत तो प्रश्न होता. नऊपैकी सहांत 'जबर' छापलं होतं, तिनांत 'जरब'. उत्तर मात्र नऊच्या नऊ पुस्तकांत एकच होतं.

प्रश्न असा होता. विधान: फाशीची शिक्षा रद्द करावी का? युक्तिवाद एक: नाही, फाशीमुळे गुन्हेगारांना जबर बसते. युक्तिवाद दोन: होय, फाशी दिल्यानंतर चूक लक्षात आली तर ती दुरुस्त करता येत नाही. खाली चार पर्याय होते. फक्त पहिला युक्तिवाद भक्कम, फक्त दुसरा भक्कम, दोन्ही भक्कम, दोन्ही कमकुवत. पुस्तकांचं उत्तर होतं, फक्त पहिला. परीक्षा मंडळाच्या कच्च्या उत्तरतालिकेतही तेच होतं, आणि मंडळाच्या प्रश्नपत्रिकेतही 'जबर'च छापलेलं होतं.

जरब म्हणजे धाक. जबर म्हणजे जोराचं, चांगलं सणसणीत. 'र' आणि 'ब' यांनी आपसांत जागा बदलल्या की धाकाचा मार होतो. ज्याला जरब बसते तो गुन्हा करायला धजत नाही. ज्याला जबर बसते त्याचा गुन्हा करून झालेला असतो. परीक्षेला बसलेल्या हजारो उमेदवारांनी डोळ्यांनी 'जबर' पाहिलं आणि मनात 'जरब' वाचलं. मामाच्या भाचीने छापलं होतं ते वाचलं. शिक्षा जोरात लागते, हे ती शिक्षा ठेवण्याचं कारण कसं होईल, असा विचार करून तिने 'फक्त दुसरा'चं वर्तुळ काळं केलं. तोंडी परीक्षेला बोलावणं यायला एकशेवीस गुण लागत होते. तिला एकशेएकोणीस मिळाले.

घरात तिला किसणी म्हणत. हे नाव दादाने ठेवलं होतं. लहानपणी आईने चिमूटभर मीठ टाक म्हणून सांगितलं की ही विचारायची, कुणाच्या चिमटीने? बोलणाऱ्याच्या प्रत्येक वाक्याचा कीस काढल्याशिवाय तिला चैन पडत नसे. रसायनशास्त्र शिकून ती पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत हंगामी म्हणून लागली, तेव्हा दादा म्हणाला होता की एकदाची किसणीला किसायला योग्य वस्तू मिळाली. ज्या ओट्यासमोर ती दीड वर्ष उभी राहत होती, त्याच ओट्यावरच्या कायम जागेसाठी ही परीक्षा होती. हंगामी करार महिनाअखेरीस संपत होता. पुढची जाहिरात कधी निघेल हे कुणी सांगू शकत नव्हतं. मागची सहा वर्षांनी निघाली होती.

हरकत घ्यायला मंडळाने आठवडा दिला होता. नियम साधा होता. दोन मान्य पुस्तकांचा आधार जोडायचा, नाहीतर अशा एखाद्या पुस्तकाच्या लेखकाचं सहीनिशी मत आणायचं. पुस्तकं तर नऊच्या नऊ एका सुरात विरुद्ध गात होती. राहिला लेखक. आणि टेबलावरचं सगळ्यात जाड, निळ्या पाठीचं, नवव्या आवृत्तीला पोचलेलं पुस्तक मामाचं होतं.

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. तीस वर्षं क्लास चालवून त्याचा आवाज असा झाला होता, की घरात पाणी मागितलं तरी शेवटच्या बाकापर्यंत जायचं. त्याने आपलंच पुस्तक उघडलं, चष्मा कपाळावर चढवला, पान नाकाजवळ नेलं, आणि खो खो हसला. नऊ आवृत्त्या झाल्या, पण एकाही पोराने कधी विचारलं नाही, म्हणाला. मग त्याला आठवलं की हा प्रश्न त्याने एका जुन्या पुस्तकातून घेतला होता. ते पुस्तक तेव्हाच बिनकव्हराचं होतं, त्यामुळे लिहिणारा कोण हे त्यालाही माहीत नव्हतं. त्या लिहिणाऱ्यानेही कुठून तरी उचललाच असणार.

"मग उत्तर कुणी काढलं?" तिने विचारलं.

"काढायचं कशाला? प्रश्नाबरोबरच आलं."

तिने डोकं धरलं. मामाने तिला चहा दिला आणि समजावणीचा सूर लावला. भक्कम म्हणजे खरा नव्हे, हे त्याने तिला अकरावीतच शिकवलं होतं. युक्तिवादात जे सांगितलंय ते खरं धरून चालायचं, आणि विषयाला धरून आहे का, वजनदार आहे का, एवढंच बघायचं. जरब बसते हे खरं धर. मग मुद्दा वजनदार आहे की नाही? आहे. संपलं.

ती म्हणाली, ठीक, तुझाच नियम घेऊ. मग चूक दुरुस्त करता येत नाही हेही खरं धर. माणूस चुकीने मारला जाणं वजनदार नाही का? मग उत्तर 'दोन्ही' व्हायला हवं. मामाने पुस्तकामागचं स्पष्टीकरण काढून दाखवलं. तिथे लिहिलं होतं की दुसरा युक्तिवाद कमकुवत, कारण न्यायालये चूक करत नाहीत असे गृहीत धरावे. तिने पान उलटलं. पुढचाच प्रश्न वरच्या न्यायालयात दाद मागण्याची सोय असावी का, असा होता. तिथलं स्पष्टीकरण: युक्तिवाद भक्कम, कारण न्यायालयेही चुकू शकतात.

मामाने दोन्ही पानं दोनदा वाचली.

"पान वेगळं आहे ना," तो म्हणाला.

पत्र द्यायला मात्र तो तयार होईना. नऊ आवृत्त्यांत मी चूक छापली असं माझ्याच सहीने लिहून दिलं, तर समोरचा क्लासवाला त्या पत्राला चौकट करून आपल्या दारावर लावेल, म्हणाला. मुद्रणदोष आहे, मान्य. पण सगळ्यांना अर्थ कळला. तुझा एकटीचा अर्थ वेगळा निघाला, त्याला पुस्तक काय करणार?

दुसऱ्या दिवशी दादा तिला मंडळाच्या कचेरीत घेऊन गेला. दादा लिफ्ट दुरुस्त करायचा, आणि कुठल्याही इमारतीत शिरला की आधी लिफ्टचा आवाज ऐकायचा. इथली लिफ्ट बंद होती. तीन मजले चढून गेल्यावर हरकतींच्या दोन खिडक्या लागल्या. एक मुद्रणदोषांची, दुसरी उत्तरांची. पहिल्या खिडकीवरच्या कारकुनाने सांगितलं की मुद्रणदोषाने उत्तर बदलत असेल तरच हरकत घेता येते, आणि उत्तर बदलतं का ते शेजारच्या खिडकीवर ठरतं. शेजारच्या कारकुनाने आधार मागितला. आधार नाही म्हटल्यावर त्याने प्रश्न वाचला, आपल्या मनाशी पुटपुटत वाचला, आणि तिला स्वच्छ ऐकू आलं की तो 'जरब' म्हणाला. तिने बोट ठेवून दाखवलं. त्याने पुन्हा वाचलं. पुन्हा 'जरब'च म्हणाला. वर म्हणाला की यात चूक कुठे आहे, बाई?

अंतिम तालिका लागल्यावर चूक निघाली तर काय करता, असं तिने विचारलं. अंतिम म्हणजे अंतिम, तो म्हणाला. नंतर चूक दुरुस्त करता येत नाही. आणि हे बोलताना समोरच्या कागदावर तेच वाक्य छापलेलं आहे, हे त्याच्या गावीही नव्हतं.

जिना उतरताना दादाने बंद लिफ्टच्या दारावर एक थाप मारली. मग म्हणाला, "सगळ्या जगाने मनातलं वाचलं, किसणे, आणि तू एकटीने छापलेलं. चूक तुझीच."

तिने त्याला विचारलं की तुला काय वाटतं, फाशी असावी का? असावीच, तो म्हणाला, काहींना तर चौकात लटकवायला हवं. का? का म्हणजे काय, लटकवायलाच हवं म्हणून. मग तिचा चेहरा पाहून त्याने घाईघाईने जोडलं, जरब बसते ना.

त्या आठवड्यात तिने हा प्रश्न जो भेटेल त्याला विचारला. प्रयोगशाळेतल्या मोठ्या बाई, ज्यांच्या हाताखाली ती काम करायची, पिपेट धुता धुता म्हणाल्या की अगं जरब बसते. कशावरून? नाहीतर किती गुन्हे झाले असते. आणि गुन्हे वाढले तर? तर मग आणखी लटकवायला हवेत, म्हणजे जरब बसेल. तिने सांगितलं की बाई, गुन्हे कमी झाले तरी फाशीने झाले आणि वाढले तरी फाशी कमी पडली, असा काटा आपल्या मीटरला असता तर तुम्ही तो मीटर भंगारात दिला असता. बाई हसल्या. माणसं म्हणजे पाणी नव्हे, म्हणाल्या, आणि पुढची बाटली घेतली. त्या वाक्यावर ती दिवसभर चिडलेली राहिली. दुसऱ्या बाजूच्यांनीही तिला सुख दिलं नाही. फाशी नकोच म्हणणाऱ्या दोघी भेटल्या. का, तर ते बरं दिसत नाही, असं दोघींचंही म्हणणं पडलं.

हरकतीचे तीन दिवस उरले तेव्हा ती पुन्हा मामाकडे गेली. सकाळची तुकडी सुटली होती, मामा फळा पुसत होता. ती भांडायच्याच तयारीने आली होती. तिने सांगितलं की माझी नोकरी राहू दे बाजूला, तू मला एवढंच सांग, जरब बसते असं तुला खरंच वाटतं का? तू तीस वर्षं शिकवतोस. एकदा तरी मनापासून सांग.

मामाने फडका खाली ठेवला. क्लासच्या पाटीवर त्याच्याबरोबर अजून एक नाव होतं, ते त्याच्या भागीदाराचं. तो भागीदार गणित शिकवायचा. अठरा वर्षांपूर्वी क्लासला कुलूप लावून तो घरी जाताना एका माणसाने त्याला जिवे मारलं. हे घरात सगळ्यांना माहीत होतं, आणि त्याबद्दल कुणी बोलत नसे.

"तो सुटून आला," मामा म्हणाला. आवाज या वेळी पहिल्या बाकापर्यंतही पोचला नसता. "चौकात सायकलींचं पंक्चर काढतो. मी रोज त्याच्यासमोरून येतो. मान वर करत नाही तो, त्रास देत नाही कुणाला. मला जरब-बिरब काही माहीत नाही, पोरी. तो तिथे नसावा, एवढंच मला वाटतं."

मग तिच्या तोंडून तिलाच नको असलेला प्रश्न निघून गेला.

"हे पुस्तकात का नाही लिहिलंस?"

"पुस्तकात चारच पर्याय असतात."

तिला त्याचा राग आला नाही, पण आपण रागावू शकत नाही याचा आला. हा पहिला माणूस होता ज्याने खरं कारण सांगितलं होतं. ते कारण तिला पटलं नव्हतं, खोडताही आलं नव्हतं, आणि ते ना पहिल्या युक्तिवादात होतं ना दुसऱ्यात. नऊ पुस्तकं, दोन खिडक्या, दादा, मोठ्या बाई, सगळे जरब जरब करत होते. ज्याला काही बसलं होतं, तो म्हणत होता मला माहीत नाही.

मग ती मुद्द्यावर आली. तिने मामाला विचारलं की 'जबर'ने अर्थ बदलत नाही, असं तू म्हणतोस ते कशावरून? मी म्हणते बदलतो, तेही कशावरून? आपण दोघं अंदाजच करतोय. मोजून बघू. नव्या तुकडीत नव्वद मुलं आहेत, त्यांचा हा धडा अजून झालेला नाही, त्यांनी तुझं उत्तर पाहिलेलं नाही. दहा प्रश्नांची चाचणी देऊ, हा प्रश्न मधोमध. काहींना 'जरब' छापलेली पत्रिका, काहींना 'जबर' छापलेली. 'जबर'वाल्यांत पहिल्या युक्तिवादाला भक्कम म्हणणारे निदान सहाने कमी निघाले, तर शब्दाने अर्थ बदलतो आणि तू पत्र द्यायचंस. नाही निघाले, तर मी हरकत घेणार नाही. सहाचा आकडा आताच लिहून ठेवू, नंतर कुणी मागेपुढे करायचं नाही.

मामाचे डोळे चमकले. पैज म्हटली की त्याचं वय पंधरा होत असे. समोरच्या क्लासवाल्याला कळणार नाही ना, एवढी खात्री करून घेऊन त्याने हात पुढे केला. नियम ठरवताना त्याने बघितलं की तिने कागदावर तीन ढीग काढलेत.

"दोनच शब्द आहेत. तिसरा ढीग कसला?"

तो कोरा नमुना, ती म्हणाली. प्रयोगशाळेत दर तपासणीबरोबर एक बाटली नुसत्या शुद्ध पाण्याची चालवतात. तीच औषधं, तोच मीटर, फक्त त्यात तपासायचं असं काही नसतं. कोऱ्याचा आकडा आणि नमुन्याचा आकडा सारखाच आला, तर नमुन्यात काही सापडलं नाही असं लिहायचं. मीटर काहीही दाखवो. त्याशिवाय मोजमाप तिला करताच येत नव्हतं, हात अडायचा. तिसऱ्या ढिगात पहिला युक्तिवाद असा होता: नाही, फाशीची शिक्षा रद्द करू नये. पुढे काही नाही. कारणाची जागा रिकामी.

"हे तर विधानच उलटं करून ठेवलंस," मामा म्हणाला. "याला भक्कम म्हणणारा गाढवच असेल. पहिल्याच तासाला मी शिकवतो, कारण नाही तो युक्तिवाद नाही. आणि या तुकडीचा पहिला तास झालाय."

म्हणूनच तो कोरा, ती म्हणाली. चारपाच येतील फार तर, डोळे मिटून खुणा करणारे. तेवढे दोन्हीकडून वजा करू.

चाचणी दुसऱ्या दिवशी सकाळी झाली. पत्रिका तिने एकाआड एक लावल्या होत्या, जरब, जबर, कोरी, पुन्हा जरब, म्हणजे शेजाऱ्याची बघून लिहिणाऱ्याचा उपयोग होऊ नये आणि हुशार मुलं एकाच ढिगात जाऊ नयेत. दादा सुट्टी टाकून आला होता आणि रांगांमधून असा हिंडत होता, की जणू बाकांना तेल घालायचं होतं. कुणीही हात वर करून शब्दाबद्दल विचारलं नाही. ती मागच्या भिंतीला टेकून उभी होती. एखादा मुलगा त्या प्रश्नापाशी थांबेल, पेन ओठाला लावेल, म्हणून ती डोळ्यांत तेल घालून बघत होती. एक मुलगी थांबली. तिच्या पेनातली शाई संपली होती.

पत्रिका गोळा झाल्या, मुलं गेली. टेबलावरची अकरा पुस्तकं तिने खाली ठेवली आणि तीन ढीग लावले. मामा एकेक पत्रिका उचलून पर्याय मोठ्याने वाचायचा, दादा फळ्यावर रेघ ओढायचा, ती दादाच्या रेघा बघायची. 'जरब'चा ढीग झाल्यावर मामाने मिशीवर बोट फिरवलं. 'जबर'चा ढीग अर्धा झाला तेव्हा दादाने वळून तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा फळ्याकडे तोंड केलं. तो ढीग संपला. पैज तिथेच निकालात निघाली होती, पण मामाने हात झटकले नाहीत की काही टोमणा मारला नाही. त्याने तिसरा ढीग पुढे ओढला. आठदहा पत्रिकांनंतर त्याचा आवाज खाली येत गेला, आणि एकदा तर त्याने पत्रिका उलटून पाहिली, पाठीमागे काही छापलंय की काय. दादाने विचारलं, पुढची? मामाने पुढची वाचली.

शेवटची रेघ ओढून झाल्यावर तिने फळ्याचा फोटो काढायला मोबाईल उचलला. मग तो खाली ठेवून रेघा स्वतः पुन्हा एकदा मोजल्या, कारण दादा पाचवी रेघ तिरकी काढायला कधीकधी विसरतो. तो विसरला नव्हता. तिने खडू घेतला आणि रेघांखाली आकडे लिहिले.

पहिला युक्तिवाद भक्कम म्हणणारे, दर तिसातले: जरब, बावीस. जबर, तेवीस. कोरी, बावीस.